तारेवरची सोबत

नागपूरहून वर्ध्याच्या वाटेनें निघालें म्हणजे सीताबर्डीची गजबज मागें पडते, उजव्या हाताला विमानतळ लागतो आणि खापरीच्या आसपास मिहानची विस्तीर्ण जमीन सुरू होते. 'मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर' या लांबलचक इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जुळवून हें तीन अक्षरांचें सुटसुटीत नांव तयार झालें. 2002 मध्यें या कामासाठीं सरकारी कंपनी स्थापन झाली. शिवणगांव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगांव, सुमठाणा अशा गांवांच्या शिवारांतली जमीन या योजनेकडे गेली. जेथें एके काळीं नांगर चालत होते तेथें आतां विमानें दुरुस्त करण्याचा कारखाना आहे, संगणकावर काम करणाऱ्या कंपन्यांच्या कांचेच्या इमारती आहेत, आणि 2022 च्या डिसेंबरांत रीतसर उद्घाटन झालेलें 'एम्स' रुग्णालय आहे. येथील बरेंचसें काम परदेशच्या घड्याळाप्रमाणें चालतें. नागपूर निजलेलें असतां मिहानच्या कांहीं मजल्यांवर दिवे जळत असतात.

हीच वाट पुढें बुटीबोरीवरून वर्धा जिल्ह्यांत शिरते, आणि त्या जिल्ह्यांत 1974 पासून दारूबंदी आहे. म्हणजे एकाच वाटेवर, तासा-दीडतासाच्या अंतरांत, एका टोकाला परवान्याचीं दुकानें आणि दुसऱ्या टोकाला कायद्यानें कोरडा केलेला मुलूख. दारू सोडूं पाहणाऱ्या माणसाला या दोन टोकांपैकीं कोणतें सोयीचें, असा प्रश्न सहज मनांत येतो. उत्तर मात्र दिसतें तितकें सोपें नाहीं. कारण दारू सुटण्याचा इतिहास हा केवळ दुकानांचा इतिहास नव्हे. तो बराचसा सोबतीचा इतिहास आहे. मिहानमध्यें रात्रपाळी करणारा एखादा तरुण आज जेवणाच्या सुटींत मोबाईलच्या पडद्यावर दहापांच अनोळखी माणसांच्या बैठकींत बसून, 'आज मीं घेतलेली नाहीं' एवढें वाक्य बोलूं शकतो. ही गोष्ट त्या इतिहासाचें अगदीं अलीकडचें पान होय. त्या पानापर्यंत यावयाचें तर बरेंच मागून निघालें पाहिजे.

महाराष्ट्राला दारू सोडण्याची एक जुनी रीति ठाऊक होती; ती म्हणजे माळ. वारकऱ्यानें गळ्यांत तुळशीची माळ घातली कीं मद्य आणि मांस सुटलें, हा अलिखित करार. माळ घालणारा मनुष्य एकटा नसे. एकादशीचें भजन, गांवची दिंडी, आषाढीची वाट, या सर्वांत त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला त्याच्यासारखेच माळकरी असत. पाय घसरलाच तर तें गांवाला कळे, कारण माळ सर्वांच्या डोळ्यांसमोर गळ्यांत असे. या पद्धतीचें बळ तिच्या उघडेपणांत होतें, आणि तिची उणीवहि तेथेंच होती. ज्याची माळ एकदां उतरली त्याला चारचौघांत जाऊन ती पुन्हां मागण्याचें धैर्य होणें कठीण.

वऱ्हाडांत या व्यसनाचा चटका ज्यानें लहानपणींच सोसला असा पुरुष म्हणजे गाडगे महाराज. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं 1876 मध्यें जन्मलेला हा डेबूजी. वडील झिंगराजी परीट समाजाचे. दारूनें त्यांचा संसार बुडविला आणि मुलगा लहान असतांनाच ते वारले. आई सखूबाई पोराला घेऊन दापुऱ्यास माहेरीं गेली. तेथें मामाच्या घरीं गुरें राखीत आणि शेतांत राबत हा मुलगा वाढला. पुढें तो संसारी झाला आणि त्याच्या मुलीचें बारसें आलें. समाजाच्या रीतीप्रमाणें अशा प्रसंगीं भाऊबंदांना मटण आणि दारू द्यावयाची. डेबूजीनें गोडाचें जेवण वाढलें. चरित्रकारांनीं हा प्रसंग आवर्जून नोंदलेला आहे, आणि तें योग्यच आहे. बारशाच्या पंगतींत दारू न देणें ही आज क्षुल्लक गोष्ट वाटेल. परंतु ज्यानें दारू सोडली आहे अशा कोणालाहि विचारावें, त्याची खरी कसोटी गुत्त्यावर होत नाहीं. ती लग्नकार्यांत होते, मित्राच्या बढतीच्या मेजवानींत होते. तेथें 'एका घोटानें काय होतें' म्हणणारे आपलेच असतात, आणि त्यांच्या मनांत वाईट कांहीं नसतें. डेबूजीनें पिणाऱ्यांना उपदेश केला नाहीं. त्यानें पंगतीचा बेत बदलला.

पुढें महाराज म्हणून कीर्तनाला उभे राहिल्यावर ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तरें श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. शास्त्रीपंडिताच्या पुराणांत ऐकणारा गप्प बसलेला असतो. येथें तो बोलता होई. मोझरीच्या गुरुकुंज आश्रमांतून तुकडोजी महाराजांनीं सामुदायिक प्रार्थनेची जी रीति खेडोपाडीं नेली तिच्यांतहि हाच धागा होता. संध्याकाळीं गांव एके ठिकाणीं बसावें. आणि संध्याकाळ हीच तर पिण्याची वेळ.

दुसरी वाट कायद्याची. ती अधिक गाजली. महात्मा फुले यांनीं पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असतांना 1880 मध्यें दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी तक्रार केली होती. 1920 च्या डिसेंबरांत नागपूरला काँग्रेसचें अधिवेशन भरून असहकाराचा ठराव कायम झाला, आणि पुढील वर्षीं नागपुरांत दारूच्या दुकानांवर पिकेटिंग झालें. 1937 मध्यें प्रांतिक मंत्रिमंडळें आलीं तेव्हां या चळवळीला कायद्याचें रूप मिळालें. मध्यप्रांत व वऱ्हाडचा दारूबंदी कायदा 1938 चा. मुंबई शहरांत 1 ऑगस्ट 1939 पासून बंदी आली. 1949 चा मुंबईचा दारूबंदी कायदा तर नांव बदलून अजूनहि महाराष्ट्रांत लागू आहे. त्या कायद्याप्रमाणें दारू पिणाराजवळ परवाना असावा लागतो, ही गोष्ट पिणारांपैकींहि फार थोड्यांच्या कानांवर असते. पुढें साठानंतरच्या काळांत ही बंदी सैल होत गेली. गांधीजी आणि विनोबा यांच्या वास्तव्यानें प्रसिद्ध झालेला वर्धा जिल्हा मात्र 1974 पासून कोरडा ठरला, गडचिरोली 1993 मध्यें. चंद्रपूर जिल्ह्यासाठीं 2010 च्या डिसेंबरांत हजारों स्त्रिया चिमूरहून पायीं चालत नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर आल्या. 1 एप्रिल 2015 पासून तेथें बंदी लागू झाली आणि 2021 मध्यें ती उठली. गांवांतील वा प्रभागांतील स्त्रियांनीं मतदान करून दुकान बंद करण्याचीहि कायदेशीर सोय झाली. लोकांनीं तिला 'आडवी बाटली' असें झणझणीत नांव दिलें. सर्वोच्च न्यायालयानें 2016 च्या डिसेंबरांत महामार्गांपासून 500 मीटरांच्या आंत दारू विकूं नये असा हुकूम काढला तेव्हां, 2017 च्या एप्रिलपासून, देशभर महामार्गांलगतचीं दुकानें बंद पडलीं; कांहीं महिन्यांतच शहरांच्या हद्दीपुरता तो हुकूम सैल करण्यांत आला.

स्त्रियांनीं चालविलेली ही चळवळ महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासांतला मोठा भाग आहे. तिची थट्टा करणारांनीं त्या स्त्रियांच्या घरांतली रात्र पाहिलेली नसते. तथापि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कायदा दुकान बंद करूं शकतो, संध्याकाळ बंद करूं शकत नाहीं. रोज सातच्या ठोक्याला ज्याचा हात आपोआप पेल्याकडे जात असे, त्या माणसाचे सात ते दहा हे तीन तास कोणत्याहि कायद्याच्या पुस्तकांत येत नाहींत.

त्या तीन तासांचा विचार केला तो पिणारांनींच. 1840 च्या एप्रिलमध्यें अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं एका गुत्त्यांत सहा पिणारे जमले होते. त्यांनीं दारू सोडण्याची शपथ घेतली आणि वॉशिंग्टनच्या नांवानें एक मंडळी काढली. त्यांच्या सभेंत उपदेशकाला मान नव्हता. जो स्वतः प्यायलेला होता तो उठे आणि आपली हकीकत सांगे. पाहतां पाहतां लाखों लोक या चळवळींत आले. 22 फेब्रुवारी 1842 रोजीं स्प्रिंगफील्ड गांवीं एका तरुण वकिलानें या मंडळीपुढें भाषण केलें. पिणाराला शिव्याशाप देऊन तो सुधारत नाहीं, आधीं त्याचा मित्र झालें पाहिजे, असा त्या भाषणाचा रोख होता. त्या वकिलाचें नांव अब्राहम लिंकन. परंतु थोड्याच वर्षांत ही मंडळी राजकारण, कायदे आणि आपसांतले वाद यांत सांपडली व विरून गेली. अनुभवाची गोष्ट मात्र शिल्लक राहिली.

ती पुन्हां जिवंत झाली 1935 मध्यें. बिल विल्सन नांवाचा न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल ओहायो संस्थानांतील ॲक्रन शहरीं एका कंपनीच्या कारभाराच्या तंट्यासाठीं गेला होता. तंटा तो हरला. दारू सोडून त्याला जेमतेम पांच महिने झाले होते. 11 मेची, शनिवारची संध्याकाळ, परकें गांव, खिशांत फारसे पैसे नाहींत. मेफ्लॉवर हॉटेलच्या दर्शनी दालनांत तो येरझारा घालीत होता. एका बाजूला बार, आणि तेथून येणारा हंसण्याखिदळण्याचा आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि त्याच्याजवळ शहरांतील चर्चांची यादी. न्यूयॉर्कला असतांना त्यानें कित्येक पिणारांना वळणावर आणण्याची खटपट केली होती. त्यांतला एकहि वळला नव्हता. पण त्या खटपटींत तो स्वतः मात्र कोरडा राहिला होता. हें त्याला त्या क्षणीं आठवलें, आणि आपणांस या वेळीं दुसरा एखादा पिणाराच वांचवूं शकेल असें त्याच्या मनानें घेतलें.

त्यानें टेलिफोन उचलला. एका पाद्र्याकडून कांहीं नांवें मिळालीं. बरेच फोन व्यर्थ गेले. शेवटीं हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंशीं गांठ पडली. त्यांच्या ओळखीचा एक शल्यवैद्य, डॉ. रॉबर्ट स्मिथ, दारूनें बुडत होता. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पांच वाजतां डॉक्टर आले ते पंधरा मिनिटांहून अधिक थांबणार नाहीं असें ठरवूनच. उठले तेव्हां रात्रीचे सवाअकरा झाले होते. त्या सहा तासांत विल्सननें त्यांना उपदेश केला नाहीं. आपण कसे प्यालों, कसे खोटें बोललों, कसे पुन्हां प्यालों, एवढेंच सांगितलें. डॉक्टरांना दारूचें शास्त्र विल्सनपेक्षां अधिक ठाऊक होतें. ठाऊक नव्हती ती आपल्यासारख्या दुसऱ्या माणसाची हकीकत. मध्यें एकदां डॉक्टर घसरले. त्यानंतर 10 जून 1935 हा त्यांच्या शेवटच्या घोटाचा दिवस मानला जातो, आणि 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे अनामिक मद्यपींचा संघ, आपला जन्म त्या दिवसापासून मोजतो.

या साऱ्याचा आरंभ तारेवर झाला, ही गोष्ट सांगणारे सहसा ओलांडून जातात. पडद्यावरच्या बैठका म्हणजे कांहीं खरी भेट नव्हे, असें म्हणून नाक मुरडणारे लोक आज पुष्कळ आहेत. प्रत्यक्ष भेट दुसऱ्या दिवशीं झाली, हें खरें. परंतु शनिवारची ती संध्याकाळ टळली ती तारेवरून अनोळखी कानांत गेलेल्या आवाजानें.

संघ वाढला तो प्रथम हळूहळू. 1939 मध्यें त्याचें पुस्तक निघालें आणि संघाला त्याच पुस्तकाचें नांव पडलें. 1941 च्या मार्चमध्यें 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकांत जॅक अलेक्झांडर यांचा लेख आला आणि सुमारें 2,000 सभासदांचे वर्षअखेर 8,000 झाले. वॉशिंग्टन मंडळीची वाताहत कशानें झाली हें या लोकांनीं ध्यानांत ठेवलें होतें. म्हणून त्यांनीं पुढें नियम करून ठेवले: राजकारणांत पडूं नये, दारूबंदीच्या बाजूनें वा विरुद्ध मत देऊं नये, बाहेरची देणगी घेऊं नये, वर्तमानपत्रांत सभासदाचें नांव येऊं देऊं नये. माळेच्या अगदीं उलट ही रीति. तेथें गळ्यांतली खूण जगाला दिसे. येथें नांवसुद्धां अर्धेंच सांगावयाचें. दोहोंतला समान अंश एवढाच कीं शेजारीं बसलेला मनुष्य आपल्यासारखाच असतो.

आणि जेथें शेजारीं कोणी नसे तेथें काय? संघाच्या पहिल्या पिढीपासूनच ही अडचण होती. एखाद्या दूरच्या गांवीं एकच सभासद असे. कोणी जहाजावर खलाशी असे. अशा एकट्यांनीं टपालानें बैठक चालविली. एकानें आपली हकीकत लिहावी, ती छापून इतरांकडे जावी, त्यांनीं उत्तरें लिहावीं. एका बैठकीला महिने लागत. पण ती बैठकच होती. आजच्या मोबाईलवरच्या मंडळींचे खरे पूर्वज हे पत्र लिहिणारे खलाशी होत.

हिंदुस्थानांत हा संघ 1957 मध्यें आला आणि मुंबईंत त्यानें मूळ धरलें. पुढें तो इतर शहरांत पसरला. बैठक साधीच असते. कोठें शाळेचा वर्ग, कोठें चर्चची खोली. गोल मांडलेल्या खुर्च्या आणि चहा. वर्गणी नाहीं, हजेरीपट नाहीं. प्रत्येकानें आपलें पाळण्यांतलें नांव सांगावें आणि आपण मद्यपि आहोंत असें म्हणावें. जन्मभराची शपथ कोणी घेत नाहीं. आजचा दिवस एवढाच करार. कालपर्यंत शपथा घेऊन मोडणाराला हा लहान करार पेलतो. पति पिणारा असला म्हणजे घर कसें होरपळतें याची जाणीव ठेवून 1951 मध्यें अमेरिकेंत कुटुंबियांसाठीं 'अल-ॲनॉन' नांवाचा वेगळा संघ निघाला.

मराठी मुलखांत या विचाराला घरगुती वळण दिलें तें मुक्तांगणानें. अनिल अवचट यांनीं गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाल्या. त्यांनीं एक लाख रुपये देऊं केले आणि कांहीं तरी केलें पाहिजे असा आग्रह धरला. डॉ. अनिता अवचट यांनीं तें काम अंगावर घेतलें आणि 1986 मध्यें पुण्यास येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत मुक्तांगण सुरू झालें. डॉ. अनिता 1997 मध्यें कर्करोगानें गेल्या, अनिल अवचट 2022 मध्यें. संस्था चालूच आहे. तिची खुबी अशी कीं बरे झालेले रुग्णच पुढें तेथें कार्यकर्ते झाले. नव्यानें आलेल्याच्या हातापायांना कंप सुटतो तेव्हां त्याच्याजवळ बसणारा मनुष्य त्या कंपांतून स्वतः गेलेला असतो. रुग्णांच्या बायकांसाठीं तेथें 'सहचरी' नांवाचा गट निघाला. घरीं परतलेल्या रुग्णाच्या पाठपुराव्याच्या बैठका हाहि या पद्धतीचा कणा ठरला. उपचार कांहीं आठवड्यांचे, आणि घरीं परतल्यावरचें आयुष्य लांबचलांब.

परंतु बैठकीला जाण्याची एक अडचण लहान-मोठ्या सर्व गांवांत सारखीच. मनुष्य अनामिक राहूं इच्छितो, पण गांव त्याला राहूं देत नाहीं. महालांतल्या वा इतवारींतल्या एखाद्या दारासमोर स्कूटर उभी दिसली तरी ती कोणाची हें ओळखणारे निघतात. दारू पितांना ज्याला कोणाची लाज वाटली नाहीं त्याला ती सोडतांना मात्र लाज वाटते, हा मोठा चमत्कारिक प्रकार आहे. पण तो खरा आहे. स्त्रियांच्या बाबतींत तर विचारूं नये. पिणाऱ्या पुरुषाला समाज 'बिचारा' तरी म्हणतो. पिणाऱ्या स्त्रीला तेवढेंहि मिळत नाहीं, आणि म्हणून ती बैठकीच्या दारापर्यंत क्वचितच पोंचते.

इंटरनेटवरून अशा बैठका भरूं लागल्याला आतां तीस वर्षांहून अधिक काळ झाला. 1990 च्या सुमारास अमेरिकेंत ईमेलवर चालणारे पहिले गट निघाले; टपालाच्या बैठकीचेंच तें वेगवान रूप होतें. महाराष्ट्राला त्याची गरज एकाएकीं भासली ती 2020 मध्यें. 25 मार्चपासून देश बंद झाला. दारूचीं दुकानें बंद झालीं, त्याबरोबर बैठकींच्या खोल्याहि बंद झाल्या. ज्यांनीं दारू सोडली होती त्यांची सोबत गेली, आणि ज्यांना ती रोज लागत होती त्यांची दारू गेली. दुसऱ्या प्रकारच्या लोकांचे हाल भयंकर झाले. केरळांत दारू न मिळाल्यानें कांहीं जणांनीं आत्महत्या केल्या. तेव्हां तेथील सरकारनें डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा हुकूम काढला, आणि डॉक्टरांनीं विरोध केल्यावर उच्च न्यायालयानें 2 एप्रिल रोजीं त्याला स्थगिति दिली. 4 मेपासून दुकानें उघडण्यास परवानगी मिळाली तेव्हां लागलेल्या रांगा सर्वांनीं पाहिल्या.

न दिसलेली गोष्ट निराळी होती. त्याच आठवड्यांत संघाच्या आणि व्यसनमुक्तिकेंद्रांच्या बैठका झूमवर व व्हॉट्सॲपवर भरूं लागल्या. ज्यांनीं जन्मांत संगणकाला हात लावला नव्हता असे साठीचे गृहस्थ नातवाकडून मोबाईल लावून घेऊन बसूं लागले. पहिल्या पहिल्या दिवसांत एकाच वेळीं चौघे बोलत, कोणाचा आवाज येत नसे, कोणाचें कपाळच तेवढें दिसे. पण पुण्याची बैठक नागपूरच्या माणसाला, आणि नागपूरची आखातांत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला मोकळी झाली. टाळेबंदी उठली, खुर्च्या पुन्हां गोल मांडल्या गेल्या, तरी पडद्यावरच्या बैठका बंद पडल्या नाहींत. चेहरा झांकून नुसतें ऐकण्याची सोय असल्यामुळें ज्या स्त्रियांना दार ओलांडणें अशक्य होतें त्यांना हें दार घरांतच उघडें झालें.

या सोबतीचा उपयोग होतो कीं नाहीं, याबद्दल केवळ भाविकांच्या साक्षीवर विसंबण्याचें कारण उरलेलें नाहीं. 2020 मध्यें कॉक्रेन या वैद्यकीय समीक्षा करणाऱ्या संस्थेनें 27 अभ्यास व 10,565 माणसें एकत्र तपासलीं. दारूपासून अखंड दूर राहण्याच्या बाबतींत या संघाची आणि त्याच्याकडे नेणारी रीति इतर मान्य उपचारांच्या तोडीची, कांहीं बाबतींत त्यांहून सरस, असा निष्कर्ष निघाला. तो अभ्यास प्रामुख्यानें समोरासमोरच्या पद्धतीचा होता, पडद्यावरच्या बैठकींचा नव्हे, हें विसरूं नये. देशांतली गरज किती आहे तें 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनें दाखविलें. दहा ते पंचाहत्तर वर्षांच्या लोकांपैकीं 14.6 टक्के, म्हणजे सुमारें 16 कोटी, दारू घेतात. आणि जे तिच्या पूर्ण आहारीं गेले आहेत अशा 38 जणांमागें एकालाच कांहीं उपचार मिळाला होता. उरलेल्या 37 जणांना पुरतील इतकीं रुग्णालयें लवकर उभीं राहणार नाहींत. त्यांच्यांतल्या बहुतेकांच्या हातीं मोबाईल मात्र आज आहे.

पडद्याच्या उणीवाहि लहान नाहींत. समोर बसलेल्याच्या तोंडाचा वास येतो, पडद्यावरच्याचा येत नाहीं. खोलींतून उठून जाण्यास थोडें बळ लागतें. येथें बोटाचा एक स्पर्श पुरतो. अर्धेंच नांव सांगणाऱ्या माणसाचें चित्र कोणी टिपून ठेवलें तर अनामिकपणाची सारी इमारत कोसळते. त्यांतच मोबाईलवर, न कळत चहांतून देण्याच्या पुड्या विकणारेहि फिरत असतात. पूर्वीं हे लोक वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यांत जाहिराती देत. सर्वांत गंभीर गोष्ट वैद्यकीय आहे. वर्षानुवर्षें रोज भरपूर पिणाऱ्यानें एकाएकीं दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, आणि प्राणहि जाऊं शकतो. त्या अवस्थेंत पडद्यावरची सहानुभूति कामाची नाहीं. तेथें डॉक्टर हवा, औषधें हवींत, बहुधा रुग्णालयच हवें. जाणते गट हें पहिल्या दिवशींच सांगतात. सरकारची 'टेली-मानस' ही फोनसेवा 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक, आणि रात्रीं-अपरात्रीं मार्ग विचारावयाचा तर तोहि एक टेलिफोनच आहे. मिहानच्या कामगाराला तर 'एम्स' हाकेच्या अंतरावर आहे.

मग पडद्यावरच्या बैठकीची जागा कोणती? रुग्णालयानंतरची, आणि संध्याकाळची. मिहानसारख्या ठिकाणीं संध्याकाळहि ठरलेली नसते. रात्रपाळीवाल्याची संध्याकाळ सकाळीं होते. काम संपतें तेव्हां गांवांत दूधवाले फिरत असतात, मन शिणलेलें असतें, झोंप येत नसते. पूर्वींच्या संवयीनें हात पेल्याकडे वळतो तो याच वेळीं. नागपुरांतली कोणतीहि बैठक त्या वेळीं भरत नाहीं. पण ओहायोंत, उन्हाळ्याच्या दिवसांत, संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हां नागपुरांत पहाटेचे साडेपांच झालेले असतात. ॲक्रनच्या बाजूला लोक जेवून बैठकीला बसतात, आणि खापरीच्या वळणावर कंपनीची गाडी येऊन थांबते. खिडकीजवळच्या जागेवर बसून, कानाला यंत्र लावून, ज्याला ऐकावयाचें आहे तो ऐकूं शकतो. बोलण्याची पाळी आली तर हळू बोलावें लागतें, कारण शेजारचा निजलेला असतो.